भरतीची वेळ आणि वाशीमचे पाहुणे

मे महिन्यात वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर अशा कुठल्याही गावात एखाद्या घरी ‘औंदा पोट्ट्यांना मुंबई दाखवू’ असे ठरले, की तिकिटांच्याही आधी जी वस्तू तयार होते ती यादी. राणीचा बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, तारांगण, विज्ञान केंद्र, गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, बोरिवलीची वनराणी, सागरी सेतू, सिद्धिविनायक, आणि सगळ्यात शेवटी, ‘वेळ उरल्यास’ असा शेरा मारून, चौपाटी. मुक्काम दोन दिवसांचा. यादीच्या माथ्यावर ‘मुलांसाठी’ असे लिहिलेले असते आणि त्यावर घरात कुणालाच शंका येत नाही. माझे म्हणणे असे, की ही यादी मुलांसाठी नसतेच. परत आल्यावर ओट्यावर बसलेले मोठे काका ‘काय काय पाह्यलं मंग?’ असे विचारणार असतात, त्याचे ते आगाऊ लिहून ठेवलेले उत्तर असते. काकांना उत्तर नगांत लागते. अकरा ठिकाणे म्हटले तर खर्च वसूल, तीन म्हटले तर ‘मंग गेलते कायले?’ समुद्राकाठच्या शहरात आलेले आपल्याकडचे मूल खरे तर एकच गोष्ट बघायला आलेले असते. तिला तिकीट नाही, रांग नाही, आठवड्याची सुट्टी नाही. पण हिशेबात ती फक्त एक नग भरते, म्हणून ती शेवटी जाते.

यावर कुणी लगेच म्हणेल की वाशीमच्या मुलाला समुद्राचे एवढे काय? बघितला नाही, म्हणजे ओढही नाही. हे खोटे आहे. वाशीम जिल्ह्याचा समुद्राशी असलेला संबंध मुंबईच्या अनेक गगनचुंबी इमारतींपेक्षा जुना आणि जास्त ओला आहे. वाशीम तालुक्यात काटा नावाचे गाव आहे. तिथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाचे पाणी पैनगंगेत जाते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेतून गोदावरीत, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात. म्हणजे एकाच पावसात, एकाच शिवारात, धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पडलेल्या दोन थेंबांपैकी एक गुजरातेत जातो आणि दुसरा आंध्रात, आणि पुन्हा त्यांची भेट नाही. दोन समुद्रांना पाणी पुरवून हा जिल्हा उन्हाळ्यात एकबुर्जी धरणाच्या तळाकडे बघत बसतो. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची पद्धत आहे. वाशीमची सुमारे साडेपाचशे मीटर. ज्याला कधी पाहिले नाही त्याच्यापासून आपण नेमके किती वर राहतो, हे आपल्या मुलाला गाडीची वाट बघता बघता कळते. भरती-ओहोटीचा धडा सातवीच्या भूगोलात असतो. ‘चंद्राचे गुरुत्वाकर्षण’ लिहून गुण मिळतात आणि मिळवणाऱ्याने आयुष्यात पाहिलेले सगळ्यात मोठे खारे पाणी म्हणजे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. केंद्र सरकारने २०१८ साली वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले, त्यात आरोग्य, शिक्षण, शेती असे सगळे निकष आहेत. दहा वर्षांच्या मुलाला आकांक्षा विचारायला मात्र कुणी आले नाही. आले असते तर ‘समुद्र’ हे उत्तर एका शब्दात मिळून प्रपत्र रिकामे राहिले असते.

आता यादीकडे येऊ. तिच्यातली पहिली गंमत अशी, की ती मुलाच्या वयाची नसून बापाच्या वयाची असते. बाप लहानपणी शाळेच्या सहलीत एसटीने मुंबईला येऊन गेलेला असतो आणि त्याने तेव्हा जे पाहिले ते तो आपल्या मुलाच्या नावावर पुन्हा बघणार असतो. याला पुरावा तारापोरवाला मत्स्यालयाचा. मरीन ड्राइव्हवरचे हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, २०१५ साली नूतनीकरण होऊन पुन्हा उघडले, आणि करोनापासून बंद आहे. तरी यादीतून ते हलत नाही. कुटुंब टॅक्सीने तिथवर जाते, बंद फाटक बघते, बाप फाटकाच्या गजांतून आत बोट दाखवत ‘इथं मोठा कासव होता’ असे सांगतो, आणि मूल मात्र फाटकाकडे पाठ करून रस्त्यापलीकडे बघत असते. रस्त्यापलीकडे समुद्र आहे. मासे त्यात राहतात, ही गोष्ट त्या घोळक्यात फक्त त्यालाच आठवलेली असते.

राणीच्या बागेचे तसे नाही. तो उघडा असतो, बुधवार सोडून. तिथे २०१६ साली दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आणले आणि मार्च २०१७ मध्ये ते लोकांना दाखवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास झाले आणि आई-वडील व दोन मुले अशा चौघांना मिळून शंभर रुपयांचे तिकीट निघाले. कुटुंब म्हणजे चार माणसे, ही महापालिकेची कल्पना. वाशीमहून येणाऱ्या कुटुंबात आजी असते, बहुतेक वेळा एक आतेभाऊही असतो, आणि तिकीटखिडकीवर आजीला कुणाच्या खात्यात घालायचे यावर जो खल होतो तो मुलांच्या दृष्टीने बागेतला पहिला प्रेक्षणीय भाग. आत पेंग्विन. हे पक्षी बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. थंड हम्बोल्ट प्रवाहाच्या काठी राहणारे. म्हणून त्यांच्या दालनात तापमान सोळा ते अठरा अंशांच्या आसपास राखावे लागते. आता ज्या माणसाने कालपर्यंत बेचाळीस अंशांत कुलरच्या टाकीत बादल्या ओतल्या आहेत, त्याला या दालनात काय दिसणार? त्याला गारवा दिसतो. मोठी माणसे काचेपुढून हलत नाहीत, मुलांना ‘पाहा, पाहा, नीट पाहा’ म्हणून पुन्हा पुन्हा पुढे ढकलतात, सुरक्षारक्षक ‘आगे चलो’ म्हणतो, आणि घरी गेल्यावर पेंग्विनबद्दल सगळ्यात भरभरून बोलतो तो बाप. मुलाच्या बाजूने नोंद एवढीच असते की पेंग्विन पाण्यात होता आणि आपल्याला पाण्यात जाऊ दिले नाही.

घारापुरीची कथा तर मुलांनी ग्राहक न्यायालयात न्यावी अशी आहे. गेटवेवरून लाँचने तासभर जायचे, जेटीवरच्या छोट्या गाडीत बसायचे, शंभरावर पायऱ्या चढायच्या, माकडांपासून भेळ वाचवायची, आणि वर पोहोचल्यावर मूल विचारते, ‘हत्ती कुठी हाय?’ कारण त्याला ‘एलिफंटा’ म्हणून आणलेले असते. बेटाला पोर्तुगिजांनी हे नाव दिले ते तिथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती १८६४ च्या सुमारास इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो तुटला, त्याचे तुकडे भायखळ्याला आणले गेले आणि १९१४ साली जोडून उभे केले. आज तो राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला उभा आहे. म्हणजे आदल्याच दिवशी पेंग्विनकडे धावताना या कुटुंबाने त्याला मागे टाकलेले असते. लेणी अप्रतिम आहेत, त्रिमूर्तीपुढे मोठ्या माणसाचा आवाज आपोआप उतरतो, याबद्दल वाद नाही. पण आठ वर्षांच्या मुलाच्या आठवणीत या सहलीचे जे उरते ते म्हणजे लाँच हलत होती, पाणी अंगावर उडाले आणि काकूला उलटी झाली. तिन्ही गोष्टी समुद्राच्या खात्यातल्या आहेत. गेटवेचेही तेच. १९११ साली पंचम जॉर्ज आला तेव्हा कमान बांधून झाली नव्हती. त्याने पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहिली, आणि खरी कमान १९२४ साली पुरी झाली. बाप हे सांगत असताना मूल कबुतरांमागे धावत असते. राजाला पुठ्ठ्यावर समाधान मानावे लागले, मुलाला कबुतरे तरी खरी मिळाली.

याचा अर्थ यादीतली सगळी ठिकाणे फुकट आहेत असा नाही, आणि तसे म्हणणारा माणूस मुलांना ओळखत नाही. दोन ठिकाणे कसोटीला उतरतात. एक, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, १९८५ पासूनचे. तिथे बहुतेक वस्तूंना हात लावायचा असतो. आपल्याकडे मुलांना दाखवण्याच्या जागांचा सर्वसाधारण नियम ‘हात लावू नका’ हा आहे, आणि मुलांच्या बघण्याचा नियम ‘हात लावल्याशिवाय दिसत नाही’ हा आहे. या एका इमारतीत दोन्ही बाजूंचा समझोता झालेला दिसतो. दुसरे ठिकाण मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. तो एका इंग्रजी बालगीतावरून १९५२ साली बांधला. जिल्हा परिषद शाळेत शिकणाऱ्या मुलाला ते गीत ठाऊक नसते, ती म्हातारी कोण आणि ती बुटात का राहते हे त्याला कुणी सांगत नाही, आणि त्याचे काहीही अडत नाही. कारण बुटात चढता येते. मुख्य म्हणजे वर चढायचा मान लहानांचा. मोठ्यांनी खाली उभे राहून ‘पडशील, पडशील’ म्हणायचे. मोठ्यांना बाहेर ठेवणारी जागा मुलांना का आवडते, यावर संशोधनाची गरज नसावी. समोरच्या बागेत मात्र मुले कंटाळतात. ती बाग म्हणजे मुंबईच्या पाण्याच्या टाकीचे छप्पर आहे, १८८० च्या दशकातले. ही माहिती मुलांना कुणी दिली तर ती निदान एकदा पाय आपटून खाली पाणी वाजते का ते बघतील. पण आपण त्यांना कात्रीने कापलेल्या झुडपांचे हत्ती-घोडे दाखवतो आणि फोटोसाठी उभे करतो.

या सगळ्यातून निघते ते असे: मुलाला आवडणारी गोष्ट हलते, तिला हात लावता येतो, आणि तिच्याविषयी मोठ्यांनी बोलून झालेले नसते. लोकल गाडी या तिन्ही अटी पुऱ्या करते. सरकता जिना करतो. दुमजली बसची वरची पुढची जागा करते. जुन्या डिझेलच्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, पण वातानुकूलित विजेच्या त्याआधीच आल्या होत्या, म्हणजे ती सोय शिल्लक आहे. यांपैकी एकही गोष्ट यादीत नसते. त्या ‘जायची साधने’ या सदरात मोडतात. आणि या कसोटीवर सगळ्यांच्या वर बसतो तो समुद्र. तो दिवसरात्र हलतो, अंगाला लागतो, चाखून थुंकता येतो, आणि त्याच्याविषयी वाशीमच्या बापालाही फारसे काही सांगता येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

पण समुद्राची एक अट आहे, ती यादी करणाऱ्यांना माहीत नसते. राणीचा बाग बुधवारी बंद, तारांगण आणि घारापुरी सोमवारी बंद, हे आपण विचारून घेतो. समुद्राला आठवड्याची सुट्टी नसली तरी वेळापत्रक आहे, आणि ते आपण विचारत नाही. होते काय, तर बाप रसिक असला की पौर्णिमा गाठतो. चांदण्यात समुद्र बघू, दिवसभर यादी उरकू आणि संध्याकाळी सहाला गिरगाव चौपाटीवर बसू. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती ढोबळमानाने दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते, आणि संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. तीही साधी नव्हे. त्या दिवसांत उधाण असते, पाणी जितके जास्त चढते तितकेच जास्त खाली जाते. म्हणजे सहाशे किलोमीटरवरून आलेले कुटुंब वाळूवर पोहोचते तेव्हा समुद्र घरी नसतो. समोर ओला, काळसर पट्टा आणि लांबवर एक चकाकणारी रेघ. ‘बाबा, समुद्र कुठी गेला?’ ‘येईल.’ ‘कवा?’ शेजारचा भेळवाला सांगतो, रात्री बाराला. वाशीमच्या शेतकऱ्याच्या मुलाला यात नवल वाटत नाही. शेतीची थ्री फेज लाइनही अशीच पाळीपाळीने येते आणि मोटार सुरू करायला बापाला रात्री-बेरात्री उठावे लागते. समुद्रही कृषी फीडरवर आहे, असे तो मनातल्या मनात ठरवतो आणि गोळ्याच्या गाडीकडे वळतो.

वास्तविक हे वेळापत्रक समजून घ्यायला वाशीमकर इतका लायक माणूस दुसरा नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणून भरती रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची मंडळी त्याचा सोपा हिशेब करतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. मुंबईतल्या माणसाला आज वार कोणता हे धड सांगता येत नाही, तिथी कुठून सांगणार? उलट आपल्या घरातली आजी चतुर्थी, एकादशी, प्रदोष, अमावास्या कालनिर्णय न उघडता सांगते. म्हणजे भरतीच्या गणिताचे अर्धे उत्तर ती घरून घेऊनच निघालेली असते. तिला कुणी विचारत नाही. तिला लाँचमध्ये नको, गर्दीत नको, पायऱ्या नको म्हणून पिशव्या राखायला बसवलेले असते, आणि बाप मोबाइलवर ‘मुंबईत समुद्र बघायची उत्तम वेळ’ शोधत असतो. मोबाइल त्याला सांगतो, सूर्यास्त.

ओहोटीची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. ती वेळ ठरवून गाठली तर मुलांसाठी भरतीपेक्षा कमी नाही. उतरलेल्या पाण्याच्या वाळूवर बारीक खेकडे वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवतात, पाऊल वाजले की बिळात नाहीसे होतात, आणि हा खेळ पाच वर्षांच्या मुलाला तासभर पुरतो. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जाते आणि ओहोटीत वर येते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, समुद्राच्या तळावरून चालत. गेटवेवरून मांडव्याला बोट जाते, तेव्हा हेही फार लांबचे नाही. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा एक उपक्रम २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर लोकांना फिरवून तिथले जीव दाखवतो, आणि तो वेळ धरतो ती ओहोटीचीच. म्हणजे गोंधळ ओहोटीने होत नाही. समुद्राला वेळ विचारून जायचे असते, ही कल्पनाच नसल्याने होतो. तहसील कार्यालयात साहेब कधी भेटतील हे चारदा विचारणारा माणूस समुद्राच्या बाबतीत मात्र, तो काय, असेलच, असे धरून चालतो.

आता मोठ्या काकांचा आक्षेप, जो सगळ्यात वजनदार आहे. इतक्या लांब जायचे, अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेसची रात्र काढायची किंवा शेलूबाजारला समृद्धीवर चढून आमण्यापर्यंत टोल भरत जायचे, आणि वाळूत बसून यायचे? पैसे काय झाडाला लागतात? हा प्रश्न गैर नाही. पण हाच प्रश्न आपण इतर ठिकाणी विचारत नाही, हे गमतीचे आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीला निघते, आपल्या जिल्ह्यातून रिसोडवरून पुढे जाते, आणि सुमारे महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. परतलेल्या वारकऱ्याला कुणी ‘फक्त विठ्ठलच पाह्यला? अजून काय काय पाह्यलं?’ असे विचारले तर गाव त्याला वेड्यात काढील. तिरुपतीला अख्खा दिवस रांगेत काढून काही क्षणांचे दर्शन घेणारा माणूस खर्च वाया गेला म्हणत नाही. एका दर्शनासाठी एवढी वाट तुडवणे आपल्याला मंजूर आहे, फक्त दर्शन मोठ्यांच्या देवाचे पाहिजे. मुलाने आपले दैवत निवडले आणि ते खारट निघाले, की आपण लगेच नग मोजायला बसतो. शिवाय हिशेबच करायचा तर तो नीट करावा. दोन दिवसांत अकरा ठिकाणे गाठताना टॅक्सीचे मीटर, प्रवेशशुल्क, बाटलीबंद पाणी आणि रडणारे मूल गप्प करण्यासाठी घेतलेली प्लॅस्टिकची बंदूक, यांची बेरीज चौपाटीवरच्या भेळेशी एकदा ताडून पाहावी. काका स्वतः पतसंस्थेत होते, त्यांना आकडे कळतात.

दुसरा आक्षेप शाळेतल्या सरांचा: सहल ज्ञानासाठी असते. एसटी महामंडळ शैक्षणिक सहलीला भाड्यात निम्मी सवलत देते ती काय पोरांनी वाळूत लोळावे म्हणून? यावर माझे उत्तर असे, की पाण्याच्या काठाशी एक काडी रोवून तासाभराने ती कुठे आहे हे बघणाऱ्या मुलाला सातवीचा तो धडा परत वाचावा लागणार नाही. आणि ज्ञानाचीच गोष्ट असेल तर संग्रहालयात चार दालने धावत पार करताना, मागून ‘बस सुटेल’ अशी हाक येत असताना, मुलाने नेमके कुठले ज्ञान घेतले, याची चाचणी सरांनी एकदा घ्यावी. मुलांना त्या दालनांतले आठवते ते एक: लिफ्ट. तिसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे, की समुद्र मुलांनी मोबाइलवर हजारदा पाहिलेला असतो. पाहिलेला असतो खरा. पण मोबाइलमधल्या लाटेने अजून कुणाची चड्डी ओली केलेली नाही, आणि लाट मागे फिरताना तळपायाखालची वाळू ओढून नेते तेव्हा मुलाच्या तोंडून जी किंकाळी निघते ती कुठल्याही व्हिडिओला निघत नाही. त्या क्षणी त्याला वाटते की आपणच मागे चाललो आहोत. ही फसवणूक प्रत्यक्षच व्हावी लागते.

चौथ्या आक्षेपाची थट्टा करता येत नाही. समुद्र धोक्याचा आहे, आणि तळ्या-विहिरींची सवय असलेल्या माणसाला तो धोका ओळखता येत नाही. तळ्याचे पाणी जागेवर असते. समुद्राचे पाणी माणसाला घेऊन जाते. पावसाळ्यात, विशेषतः साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवशी, ज्यांचे इशारे महापालिका आधीच देते, मुलांना पाण्याजवळ नेऊच नये. मरीन ड्राइव्हच्या काँक्रीटच्या चौपायांवर उतरून फोटो काढणे हा तर बाराही महिने मूर्खपणा आहे. पावसाळ्यात जुहू-गिरगावला निळे, फुग्यासारखे दिसणारे ब्लू बॉटल वाहून येतात, त्यांचा डंख लागतो, आणि ‘पाहा कसा फुगा हाय’ म्हणून तो उचलणारा हात बहुधा आपल्याकडचाच असतो. गिरगावचे पाणी स्वच्छ आहे असेही कुणी शपथेवर सांगणार नाही. तेव्हा घोट्यापर्यंत पाणी, हातात हात, जीवरक्षक सांगेल ते ऐकणे, आणि नंतर साबण. एवढी अट घातल्याने मुलांचे काही कमी होत नाही. त्यांना पोहायचे नसतेच, त्यांना लाटेला चिडवून पळायचे असते, आणि त्यासाठी घोट्याएवढे पाणी पुष्कळ.

राहिले मोठ्यांचे. त्यांनाही मुंबई बघायची असते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज फक्त मुलांच्या नावावर बघण्यात आहे. बापाला मंत्रालय लांबून का होईना पाहायचे असते, आमदार निवासात ओळखीच्या चिठ्ठीवर खोली मिळाली तर तिचाही एक फोटो हवा असतो. आईला दादरची साड्यांची दुकाने आणि सिद्धिविनायक एकाच फेरीत हवे असतात. हे त्यांनी उघडपणे करावे, एक दिवस स्वतःचा म्हणून घ्यावा आणि काकांना सांगायचे नग त्या दिवसात भरून काढावेत. मुलांना त्या दिवशी लोकलच्या खिडकीशी बसवून चर्चगेट-बोरिवली नेले-आणले तरी चालते, गर्दीची वेळ तेवढी टाळून. दुसरा दिवस समुद्राचा, आणि तो निवडायचे काम आजीकडे द्यावे. ती कालनिर्णयात अष्टमी बघेल. त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेले असते, म्हणजे समुद्र घरी भेटतो. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, उधाणाचा जोर नसतो, लाटा मुलांना झेपतील अशा येतात. एकच गोष्ट होऊ शकते, की अष्टमी बुधवारी यावी आणि राणीचा बाग नेमका बंद असावा. याला अडचण समजू नये, सोय समजावी.